झाकण नव्हे, पेडल

प्रागमधल्या एका जुन्या दालनात चेक संगीतकार बोहुस्लाव मार्टिनूचा पहिला चेलो सोनाटा, म्हणजे चेलो आणि पियानोसाठीची रचना, ध्वनिमुद्रित करायचा होता. रचनेचे भाग तीन, हातात एकच दिवस. बाहेर थंडी, आत रेडिएटर चालू. धातू तापता-निवता टिकटिकतो, म्हणून टेकच्या, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या प्रत्येक फेरीच्या वेळी ते बंद ठेवायचे. आधीच्या कोरड्या हवेत पियानोचा साउंडबोर्ड (तारांखालची लाकडी फळी) आकसून मधल्या सप्तकाचा सूर उतरलेला, त्यात रेडिएटर बंद केले की तारा गार होऊन पुन्हा चढणार. त्यामुळे पियानो सुरात लावणाऱ्या ट्यूनरला दिवसभर थांबवून घेतलं होतं.

चेलोवर वुल्फ नोट, म्हणजे बिघडणारा एक स्वर, होती, नेहमीच्याच जागी, १७५ हर्ट्झच्या आसपासच्या एफ स्वरावर. तिथे तारेचं कंपन आणि चेलोच्या पोकळ लाकडी अंगाचं स्वतःचं कंपन एकमेकांशी झगडतात आणि स्वर थरथरतो. घोडीच्या खाली तारेवर पितळी नळी बसवली. ती दोन-तीन मिलिमीटर सरकवत गेलो, तेव्हा कुठे स्वर ताळ्यावर आला. एंडपिनखाली, म्हणजे चेलो जमिनीवर टेकतो त्या दांडीखाली, पोकळ मंच ठेवला नाही. तो खालचे स्वर फुगवतो आणि इथे तेच नको होतं.

मुख्य मायक्रोफोनांची जोडी १७ सेंटिमीटर अंतरावर, ११० अंशांत. चेलोपासून साडेतीन मीटर. आधाराला एक मायक्रोफोन चेलोपासून मीटरभर लांब. दोन्हींकडचा आवाज एकाच वेळी जुळावा म्हणून अडीच मीटरच्या फरकापोटी त्याला सुमारे ७ मिलिसेकंद उशीर दिला.

पहिला भाग आणि मधला लेन्तो, म्हणजे संथ भाग, यांनी फारसा त्रास दिला नाही. अडलं ते तिसऱ्या, जलद आणि जोशपूर्ण भागात, 'अलेग्रो कॉन ब्रिओ'मध्ये. पियानो धावत सुटतो आणि चेलो खालच्या तारांवर आला की बुडतो. सगळे करतात तेच आम्हीही केलं: पियानोच्या झाकणाचा टेकू आखूड केला. पियानो बोथट झाला, चेलो मात्र होता तिथेच. झाकण अडवतं ते मुख्यतः वरचे स्वर, म्हणजे पियानोच्या आघाताची धार. खालचा घुमारा त्याला वळसा घालून आणि साउंडबोर्डच्या तळातूनही बाहेर पडतोच. आधाराच्या मायक्रोफोनचा आवाज चढवला, तर चेलो खोलीबाहेर काढून कानाशी आणून बसवल्यासारखा वाटू लागला.

मग झाकण पुन्हा पूर्ण उघडलं आणि पियानोवादकाला दोन्ही हातांच्या वाजवण्यात काही न बदलता फक्त उजवं पेडल निम्म्यावर आणायला सांगितलं. पेडल दाबलं की सगळ्या तारांवरचे डँपर, म्हणजे तारांचा आवाज थांबवणाऱ्या गाद्या, उठतात. न वाजवलेल्या ताराही सहकंपनाने बोलू लागतात आणि चेलोच्या हद्दीत चिखल होतो. पेडल हलकं होताच चेलोच्या गजाचा दाणा, म्हणजे तारेवरच्या घर्षणाचा खरखरीत पोत, ऐकू आला. चेलोवादकालाही अर्धा मीटर पुढे बसवलं, पण खरं काम पेडलनेच केलं.

या भागात नुसतं चापल्य ऐकू येणं मला अपुरं वाटतं. मार्टिनूने हा सोनाटा पॅरिसमध्ये १९३९ साली लिहिला, त्याच वर्षी मार्चमध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं होतं. १९ मे १९४० रोजी पॅरिसमध्येच चेलोवादक पिएर फुर्निए आणि पियानोवादक रुडॉल्फ फिर्कुश्नी यांनी तो प्रथम वाजवला. चार आठवड्यांच्या आत तेही शहर जर्मनांच्या हाती पडलं. चेलो दबला तर या संगीतातला ताण दिसतच नाही, नुसता गोंगाट उरतो.

सहाव्या टेकला सगळं जमलं. फक्त पान उलटणाऱ्याच्या बाहीची सळसळ एका शांत मात्रेवर आली होती; तेवढी जागा चौथ्या टेकमधून जोडली.