डायनासोरची छोटी अंडी विकायला आली तेव्हा

आमच्या शाळेच्या विज्ञान कक्षासाठी खऱ्या जीवाश्मांचा लहानसा संच जमवायचं काम माझ्याकडे आहे. नागपुरात खडे आणि खनिजांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे एका स्टॉलवर चार ते सात सेंटिमीटरची 'डायनासोरची अंडी' मांडलेली दिसली. "मॅडम, खात्रीचा माल आहे, सर्टिफिकेटसकट देतो," विक्रेते म्हणाले. सर्टिफिकेट त्यांच्याच दुकानाच्या लेटरहेडवर होतं आणि सापडल्याच्या ठिकाणापुढे नुसतं 'मध्य भारत' एवढंच लिहिलं होतं.

मध्य भारतात अशी अंडी सापडतात हे खरं आहे. जबलपूरपासून गुजरातेतल्या बालासिनोरपर्यंत लमेटा नावाच्या, डायनासोरांच्या काळातल्या खडकांत ती मिळाली आहेत. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवल्याचं संशोधन २०२३ साली प्रसिद्ध झालं. त्याच जिल्ह्यातल्या पाडल्या गावात शेतकरी हे गोल दगड 'काकड भैरव' म्हणून पुजत आले होते. पण ही अंडी लांब मानेच्या टायटॅनोसॉरची, साधारण १२ ते २० सेंटिमीटर व्यासाची. मग चार सेंटिमीटरची कुठून आली?

अर्थात लहान आहे म्हणून खोटं, असंही म्हणता येत नाही. जपानमध्ये तांबा इथे जेमतेम साडेचार सेंटिमीटर लांबीची डायनासोरची अंडी मिळाली आहेत. म्हणून अनामत ठेवून तीन नमुने घेतले आणि भूशास्त्र शिकवणाऱ्या ओळखीच्या सरांकडे गेले.

सरांनी आधी आकार विसरायला सांगितलं. नदी दगडाला अंडाकृती घडवते. नर्मदेतली बाणलिंगं आपण पाहतोच. गाळात एखाद्या कणाभोवती खनिज साचत गेलं तरी तसाच गोळा तयार होतो. अंडं ओळखायचं ते कवचावरून. त्यांनी लमेटातल्या खऱ्या कवचाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. ध्रुवित प्रकाशात कॅल्साइटचे स्फटिक तळाच्या एकेका बिंदूपासून वर पंख्यासारखे पसरलेले दिसले. असा एक पंखा, त्याला लागून दुसरा, आणि मधून श्वासाची छिद्रं. गाळातल्या गोळ्यात ही रचना नसते.

पहिला नमुना तपकिरी आणि गुळगुळीत होता. एका टोकाला टवका उडालेला, त्यातून कांद्यासारखे एकावर एक पापुद्रे दिसत होते. कवच एकच असतं आणि आतला गाळ त्याच्याहून वेगळा दिसतो. इथे तसा फरकच नव्हता. लिंबू पिळल्यावर फेस येतो म्हणून अंडं खरं, असं विक्रेत्यांनी सांगितलं होतं. पण चुन्याचा अंश असलेला कुठलाही दगड फेसाळतो.

दुसरा नमुना महागडा होता. लालसर मातीच्या गोळ्यावर काळ्या कवचाचे तुकडे. नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चखाली तुकड्यांमधल्या फटी निळसर पांढऱ्या चमकल्या, म्हणजे डिंक. मग दहापट भिंगातून एकेक तुकडा पाहिला. काही जाड, काही निम्मेच. एक तर चक्क उलटा बसवलेला होता, बारीक पुटकुळ्यांची बाहेरची बाजू आत आणि आतली बाजू वर. तुकडे खरे असतील, अंडं मात्र माणसाने रचलेलं होतं. याचा मला खरोखर राग आला. एखाद्या घरट्यातलं कवच उचलून ते असं चिकटवलं की त्याचा थर, त्याचं गाव, शेजारची अंडी, सगळंच पुसलं जातं. धार जिल्ह्यातल्याच बाग या गावाच्या परिसरात अंड्याच्या आत अंडं असलेला नमुना मिळाला, तो घरट्यात जागच्या जागी होता म्हणूनच अभ्यासता आला.

तिसरा खडबडीत, एका टोकाला चिमटल्यासारखा. कवचाचा पत्ताच नाही. तो पाहून सरांचा चेहरा उजळला. "हे अंडं नाही, पण टाकाऊही नाही. अश्मीभूत विष्ठा वाटते." चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा इथे डायनासोरांच्या काळातली अशी विष्ठा भरपूर मिळते. तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचं २००५ साली जाहीर झालं, आणि डायनासोरांच्या काळातही गवत होतं हे त्यातून कळलं. अंड्यापेक्षा मला हेच मुलांना दाखवावंसं वाटलं. पण नमुना कुठला हे विक्रेत्यांना सांगता येईना, आणि पत्ता नसलेल्या नमुन्यावर मी पिसदुऱ्याचं नाव कशी लिहिणार?

दगड अंडं वाटतो, तशी उलटी फसगतही होते, अंडं दगड वाटतं. मध्य भारतातून गेलेला एक गोल अकीक, म्हणजे गारगोटीच्या जातीचा पट्टेदार दगड, लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये १८८३ पासून खनिज म्हणून नोंदलेला होता. त्याच्या बाहेरचा पातळ थर कवचासारखा आहे हे तिथल्या क्युरेटरच्या लक्षात आलं, आणि ते टायटॅनोसॉरचं अंडं असल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं.

तिन्ही नमुने परत केले, अनामत मिळाली. पहिल्यावरची आणि तिसऱ्यावरची 'अंडं' ही पाटी काढायला विक्रेते तयार झाले. काळ्या कवचाच्या दुसऱ्या नमुन्याची पाटी बदलायला मात्र त्यांनी साफ नकार दिला, तेव्हा यूव्ही टॉर्चखाली काढलेले त्याचे फोटो मी प्रदर्शनाच्या आयोजकांकडे दिले.