सरांच्या पत्राचं उत्तर

शाळेच्या अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून पाठवा, असा निरोप आला तेव्हा मी इथे कॅनडात, सरी शहरातल्या माझ्या ऑफिसात होतो. निरोप वाचला आणि उठून दार लावून घेतलं. शाळेबद्दल लिहायचं म्हणजे जुनी कौलारू इमारत, घंटेचा लोखंडी तुकडा, मधल्या सुट्टीतली चिंच हे सगळं यायला हवं. ते इतर मित्र लिहितीलच. मला एकाच माणसाविषयी लिहायचं आहे. आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं की जे डोळ्यांपुढे उभे राहतात, ते आम्हाला बास्केटबॉल शिकवणारे पी.टी.चे सर.

सरांचं शेवटचं पत्र २००७ सालचं आहे. निळ्या शाईतलं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. त्यात त्यांनी विचारलं होतं, ‘आपला खेळ ज्या मास्तरांनी काढला, त्यांच्या देशात तू राहतोस. तिथल्या शाळेतले पोट्टे कसे खेळतात? त्यांची राज्याची स्पर्धा कधीपासून आहे, कुठे भरते, लहान गावची टीम तिथवर येते का? सविस्तर लिही.’ मी उत्तर दिलं नाही. नोकरी नवी होती, मुलं लहान होती. लिहू लिहू म्हणता दोन वर्षं गेली आणि सर गेल्याचा फोन आला. ते उत्तर मी आज देतो आहे. पण त्याआधी जाळीची गोष्ट सांगतो, कारण माझ्यासाठी बास्केटबॉल तिथून सुरू होतो.

१९८६ साल. मी नववीत. जिल्ह्याचे सामने आपल्या मैदानावर होते आणि दोन दिवस आधी रिंगची जाळी कुजून गळून पडली. नवी जाळी नागपूरहून आणायला शाळेकडे पैसे नव्हते. जाळी नसली तरी खेळ होतो, गुणही मिळतात. मी तसं म्हणालो, तर सर म्हणाले, “काहून बे? जाळी हालली पायजे. तवाच पोट्ट्याले समजते का आपण काही केलं.” संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. ओसरीवर नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं पडलं होतं. आपला भंडारा तलावांचा जिल्हा. तलावाकाठच्या ढिवर मोहल्ल्यातल्या एका आजोबांकडून सरांनी मासोळीच्या जाळ्याची गाठ शिकून घेतली होती. मी दोरीचं एक टोक ताणून धरायचं आणि सरांनी विणायचं. रिंगला बारा ठिकाणी जाळी अडकवतात, म्हणून वरचे फासे बारा. पहिली जाळी इतकी अरुंद झाली की चेंडू आतच अडकला. सरांनी एक शब्द न बोलता सगळ्या गाठी सोडल्या आणि पुन्हा पहिल्या फाशापासून सुरुवात केली. काकूंनी दोनदा ताटं वाढून झाकून ठेवली. जाळी झाली तेव्हा बारा वाजून गेले होते.

सकाळी मारुतीच्या देवळातली शिडी आणली. मी शिडी धरली, सर वर चढले आणि फासे अडकवता अडकवता वरूनच सांगू लागले. डिसेंबर १८९१. अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड. जेम्स नायस्मिथ हे कॅनडातल्या ऑल्माँट गावचे, व्यायाम शिकवणारे मास्तर. बाहेर हिवाळा, आत कंटाळलेली मुलं. त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला दहा फुटांवर ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. टोपल्यांना बूड होतं, म्हणून चेंडू आत पडला की कोणीतरी शिडी लावून तो काढायचा. “मास्तरानं काढलेला खेळ आहे हा,” सर म्हणाले. तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

सामन्याच्या दिवशी पाऊस आला. मैदानात चिखल, चेंडूला टप्पे देत पुढे नेता येईना, आमचे चेहरे पडलेले. सरांनी आम्हाला गोळा करून बर्लिन सांगितलं. १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, अंतिम सामना उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टवर आणि भर पावसात झाला. अमेरिका १९, कॅनडा ८. चेंडू उसळतच नव्हता, नुसत्या पासवर खेळले. सर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले. त्या मंडळाचं पथक त्याच ऑलिंपिकला देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला बर्लिनला गेलं होतं, त्यामुळे बर्लिन त्यांच्या तोंडी असं यायचं की जणू तुमसरच्या पुढचं स्टेशन. “पासवर खेळा,” एवढंच ते शेवटी म्हणाले. आम्ही पासवर खेळलो आणि जिल्हा जिंकलो. पुढे नागपूरला विभागीय सामन्यात पहिल्याच फेरीत हरलो. दिव्यांखालचं सिमेंटचं कोर्ट आम्ही त्या दिवशी प्रथमच पाहत होतो.

आता उत्तर.

सर, इथे राज्याला प्रांत म्हणतात. आमच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताची मुलांची शालेय स्पर्धा १९४६ साली, महायुद्ध संपल्यावर लगेच सुरू झाली. पुढे ती व्हँकुव्हरच्या विद्यापीठातल्या वॉर मेमोरियल जिममध्ये भरू लागली. युद्धात पडलेल्या तरुणांच्या स्मरणार्थ १९५१ साली बांधलेली ही व्यायामशाळा. त्यानंतर बरीच वर्षं ती हेस्टिंग्ज पार्कमधल्या अ‍ॅग्रोडोममध्ये होती. गुराढोरांची प्रदर्शनं भरवायची ती जागा, तुम्हाला नक्की आवडली असती. आता ती लँग्लीला भरते, आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. मार्चच्या सुरुवातीला चार दिवस. २०२० साली तिचं पंचाहत्तरावं वर्ष झालं आणि पुढल्याच वर्षी करोनामुळे ती झाली नाही.

लहान गावची टीम येते का, असं तुम्ही विचारलं होतं. येते. शाळेतल्या मुलांच्या संख्येनुसार इथे चार गट आहेत, प्रत्येकात सोळा संघ. शहरातल्या मोठ्या शाळेशी लहान गावाची गाठ पडत नाही. आपल्याकडे तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी एकच चढण, आणि गावच्या पोरांना तिसऱ्याच पायरीवर नागपूर भेटतं. चार गटांची पद्धत आपल्याकडेही यायला हवी असं मला मनापासून वाटतं. प्रिन्स रुपर्ट नावाचं उत्तरेला मासेमारीचं गाव आहे, व्हँकुव्हरपासून रस्त्याने पंधराशे किलोमीटर. तिथली पोरं बर्फातून बसने येतात. त्यांना पाहिलं की मला ढिवर मोहल्ला आठवतो.

बर्लिनला चिखलात खेळलेल्या त्या कॅनडाच्या संघात आमच्याच प्रांतातल्या व्हिक्टोरिया शहराचे आर्ट आणि चक चॅपमन हे भाऊ होते, डग पेडन होते. हे मला इथे आल्यावर कळलं. तुम्हाला सांगता आलं असतं तर! त्याच व्हिक्टोरियाचा स्टीव्ह नॅश. १९९२ साली सेंट मायकल्स शाळेला त्याने प्रांताचं विजेतेपद मिळवून दिलं. त्या हंगामात सामन्यामागे सरासरी २१ गुण आणि ११ असिस्ट, म्हणजे सोबत्याला गुण मिळवून देणारे पास. एवढं करूनही अमेरिकेतल्या एकाच विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली, सांता क्लाराने. तोच पुढे २००५ आणि २००६ साली एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो पासवर खेळायचा, सर.

आमच्या सरीच्या शाळांतून पंजाबी मुलं खेळतात, डोक्याला पटका बांधून. आंतरराष्ट्रीय सामन्यांत पगडीला २०१७ पर्यंत परवानगी नव्हती. २०१४ साली आपल्या भारतीय संघातल्या शीख खेळाडूंना सामन्याआधी पगडी उतरवायला लावली होती. इथल्या मुलांच्या डोक्यावरचा पटका पाहिला की मला बरं वाटतं. माझा धाकटाही याच मुलांबरोबर वाढला, दोन वर्षांपूर्वी त्याच्या शाळेकडून लँग्लीला खेळला. मी इथे अकरा माणसांची स्वतःची फर्म चालवतो, पुलांची डिझाइनं करतो. पण ‘बाबा, तुमच्या सरांनी सांगितलं होतं तसा पास दिला’ असं तो त्या दिवशी म्हणाला, त्यापुढे मला माझं काम काहीच वाटलं नाही.

त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यानंतर मात्र एक गोष्ट पाहिली आणि मी जागचा हललो नाही. जिंकलेल्या संघाने शिडी आणली. एकेक मुलगा वर चढला आणि कात्रीने रिंगच्या जाळीचा एकेक धागा कापून घेऊन खाली उतरला. उत्तर अमेरिकेतली ही जुनी रीत, विजेत्यांनी जाळी घरी न्यायची. पाच हजार माणसं टाळ्या वाजवत होती. मला दिसत होती ओसरी, झाकलेली ताटं, आणि सोडून पुन्हा बांधलेल्या गाठी. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, तुमचा मुलगा जिंकला का? मी मान हलवून नाही म्हटलं.

आपल्या मैदानावर आता नवी दुमजली इमारत आहे. वर्ग वाढले, खोल्या हव्याच होत्या. तरी फोटोत ते मैदान शोधताना वाईट वाटतं. एक खांब सायकल स्टँडपाशी अजून उभा आहे, बोर्ड आणि रिंग शाबूत आहे, जाळी नाही, असं एका वर्गमित्राने कळवलं. महोत्सवाला मी येतो आहे. नायलॉनची दोरी इथूनच आणीन. गाठ मला येते. मुख्याध्यापकांना एवढीच विनंती की आदल्या संध्याकाळी मारुतीच्या देवळातली शिडी मागवून ठेवावी, आणि ती धरायला नववीतला एक मुलगा द्यावा.