गोळी कोणाच्या हातून द्यायची

शनिवार, रात्री उशिरा

तातडीची गर्भनिरोधक गोळी गर्भ पाडत नाही. हे आधी लिहून ठेवते, कारण श्रद्धेचं कारण सांगून फार्मासिस्टने ही गोळी नाकारावी का, या विषयावरची निम्मी भांडणं इथेच सुरू होतात. लेव्होनॉर्जेस्ट्रेल, १.५ मिलिग्रॅम, एकच गोळी. ती बीजांड बाहेर पडायचं लांबवते, बस. बीजांडच आलं नाही तर गर्भ राहणार कसा? आणि गर्भ आधीच राहिला असेल तर ही गोळी घेऊन काही होत नाही. अमेरिकेत तिच्या माहितीपत्रकात वर्षानुवर्षं एक वाक्य छापलेलं असायचं, की फलित बीज गर्भाशयात रुजण्यालाही कदाचित अडथळा होत असेल. पुरावे तपासून एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, डिसेंबर २०२२ मध्ये ते काढायला मंजुरी दिली. पण फलन झालं की जीव सुरू झाला असं ज्याची श्रद्धा सांगते, त्याला ते 'कदाचित' पुरेसं होतं. तो माणूस खोटं बोलत नव्हता. माहितीपत्रकच तसं म्हणत होतं. हे मला विसरायचं नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. ही गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, पण जितकी लवकर तितकी बरी. आज रात्री घेतलेली आणि परवा घेतलेली गोळी सारखी नसते. बीजांड सुटून गेलं की ती निरुपयोगी. युलिप्रिस्टल नावाची दुसरी गोळी १२० तासांपर्यंत चालते, बीजांड सुटायची वेळ अगदी जवळ आली असली तरी बऱ्याचदा उपयोगी पडते, पण तिला इथे अमेरिकेत प्रिस्क्रिप्शन लागतं. लेव्होनॉर्जेस्ट्रेल २०१३ पासून वयाची अट न घालता कोणालाही उचलून घेता येते. म्हणजे फार्मासिस्टने 'देतो' किंवा 'देत नाही' म्हणायचा प्रश्न आता मुख्यतः युलिप्रिस्टलपाशी येतो.

मी ज्या राज्यात फार्मासिस्ट म्हणून काम करते त्या वॉशिंग्टनने या बाबतीत दोन्ही टोकं पाहिली आहेत. १९९८ च्या सुमारास इथेच पहिल्यांदा फार्मासिस्टांना डॉक्टरांशी करार करून तातडीची गर्भनिरोधक गोळी स्वतः लिहून द्यायची मुभा मिळाली. आणि पुढे इथेच ऑलिंपियामधल्या राल्फ्स थ्रिफ्टवे या कुटुंबाच्या मालकीच्या किराणा दुकानाने, ज्यात फार्मसीही होती, ही गोळी ठेवणार नाही असं सांगितलं. राज्याच्या फार्मसी मंडळाने २००७ मध्ये नियम केला: एखाद्या फार्मासिस्टला मनाला पटत नसेल तर त्याने बाजूला व्हावं, पण दुकानाने औषध वेळेत दिलंच पाहिजे. धार्मिक कारणावरून 'पलीकडच्या दुकानात जा' म्हणायचं नाही. थोडक्यात माणसाला सूट आहे, दुकानाला नाही. खटला वर्षानुवर्षं चालला. २०१२ मध्ये टॅकोमाच्या न्यायाधीशांनी दुकानाच्या बाजूने निकाल दिला, २०१५ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो फिरवला, आणि जून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. न्यायमूर्ती अलिटो यांनी त्यावर लांबलचक मतभेद नोंदवला; सरन्यायाधीश रॉबर्ट्स आणि थॉमस त्यांच्याबरोबर होते.

अलिटोंचा एक मुद्दा मला आजही सहज बाजूला सारता येत नाही. त्या दुकानाच्या पाच मैलांच्या आत तीसहून जास्त फार्मसी ही गोळी ठेवत होत्या. मग एका कुटुंबाला त्यांच्या श्रद्धेविरुद्ध जायला लावून कोणाचं काय साधलं?

ऑलिंपियापुरतं बोलायचं तर हा प्रश्न रास्त आहे. पण मॅकग्रेगर म्हणजे ऑलिंपिया नव्हे. मिनेसोटातलं ते जेमतेम चारेकशे वस्तीचं गाव. जानेवारी २०१९ मध्ये तिथली एक बाई डॉक्टरने दिलेलं युलिप्रिस्टलचं प्रिस्क्रिप्शन घ्यायला गेली. फार्मासिस्टने श्रद्धेचं कारण सांगून नकार दिला. दुसरा फार्मासिस्ट दुसऱ्या दिवशी येणार, तोही हिमवादळ आलं तर येईलच असं नाही. शेवटी ती बर्फातून गाडी हाकत ब्रेनर्डला गेली, जाऊन-येऊन शंभर मैलांवर. २०२२ मध्ये ज्युरीने तो भेदभाव मानला नाही, पण मनस्तापापोटी २५,००० डॉलर योग्य ठरतील असं म्हटलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. मला त्या निकालापेक्षा तो रस्ता जास्त दिसतो. श्रद्धा त्याची होती आणि शंभर मैल तिने कापले.

माझं म्हणणं एवढंच आहे. मनाला न पटणारं काम न करण्याचा हक्क मी मानते, मनापासून मानते. पण त्याची किंमत ज्याची श्रद्धा आहे त्याने मोजावी. काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या बाईच्या खात्यावर ती टाकता येत नाही. विस्कॉन्सिनमध्ये मेनोमनी गावात २००२ साली एका फार्मासिस्टने नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या तर दिल्या नाहीतच, प्रिस्क्रिप्शन दुसऱ्या दुकानाकडे वळवायलाही नकार दिला. हे बाजूला होणं नव्हे, हे वाट अडवणं आहे. तिथल्या फार्मसी मंडळाने त्याच्यावर कारवाई केली ते योग्यच झालं.

माझा एक सहकारी नेमाने चर्चला जाणारा कॅथलिक आहे. युलिप्रिस्टलचं प्रिस्क्रिप्शन स्क्रीनवर आलं की तो ते माझ्या रांगेत सरकवतो आणि स्वतः फ्लूची लस द्यायला किंवा इन्शुरन्सच्या फोनवर जातो. चेहऱ्यावर काही नाही, उसासा नाही, मान हलवणं नाही. मी लेबल काढते, डबा स्कॅन करते, पिशवीत घालते आणि समुपदेशनाच्या खिडकीशी हळू आवाजात सांगते: घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर फोन करा, नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या पाच दिवस सुरू करू नका, पाळी लांबली तर चाचणी करा. पैसे देऊन ती निघून जाते. आपल्यासाठी आत माणसं बदलली हे तिच्या गावीही नसतं. अडचण असेल तर ती अशीच आतल्या आत सुटायला हवी.

या माणसाबद्दल मला आदर आहे, आणि तो काही उगाच नाही. कोविडच्या दिवसांत लस द्यायला सर्वांत आधी हाच उभा राहिला होता.

सांगलीचे काका आठवतात. माळकरी माणूस, गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकली नाही, आणि मेडिकलचं दुकान. जिलेटिनची कॅप्सूल कशापासून बनते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कॉड लिव्हर ऑइलच्या बाटल्या त्यांच्या फळीवर असायच्या. निरोधची पाकिटं ते वर्तमानपत्रात गुंडाळून, न बघता, न बोलता द्यायचे. सुट्टीत गल्ल्यापाशी बसून मी एकदा विचारलं, "काका, तुम्हाला चालतं का हे?" ते म्हणाले, "अगं, आपण औषध द्यायला बसलोय. येणाऱ्याची चौकशी करायला नाही." बी.फार्म.च्या अख्ख्या अभ्यासक्रमात याहून कामाचं वाक्य मला भेटलं नाही. अर्थात काकांच्या लेखी कॅप्सूल म्हणजे माणूस मारणं नव्हतं, आणि माझ्या सहकाऱ्याच्या लेखी प्रश्न थेट जिवाचा आहे. दोन्ही ओझी एका वजनाची नाहीत. म्हणून 'काकांनी केलं तसं तूही कर' असं मी त्याला कधी म्हटलं नाही.

आता अडचण अशी की पुढच्या महिन्यापासून रविवारी एकच फार्मासिस्ट ठेवणार आहेत, आणि पहिले काही रविवार त्याच्या नावावर आहेत. आज दुकान बंद करताना त्याने मला विचारलं, "असं प्रिस्क्रिप्शन आलं तर मी कोणाकडे सरकवू?" मी म्हटलं, "रविवारी नाहीच कोणी. नियमाने दुकानाला ते द्यावंच लागेल." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की एखाद्या बाईला हात हलवत परत पाठवणंही त्याला जमणार नाही.

तर सोमवारी मॅनेजरकडे दोघांनी जायचं ठरलंय. रविवार मी घेते. बदल्यात त्याने माझ्या शुक्रवारच्या रात्री आणि थँक्सगिव्हिंगचा दिवस घ्यायचा. त्याची हरकत तो स्वतः लेखी देणार, म्हणजे पुढे वेळापत्रक लावणाऱ्याला आधीच कळेल. आणि त्याच बैठकीत मी दुसरी गोष्ट काढणार आहे, जिचा कोणाच्या श्रद्धेशी संबंध नाही: युलिप्रिस्टल आमच्याकडे बऱ्याचदा स्टॉकमध्येच नसते. मागवलं की दुसऱ्या दिवशी येते, आणि शनिवारी दुपारनंतर मागवलं तर थेट सोमवारी. दोन डबे कायम फळीवर हवेत. मुदत संपून एखादा फेकावा लागला तरी चालेल, तो खर्च दुकानाने सोसावा.