रिकाम्या बाकाची गोष्ट

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या सरकारी कॉलेजात, मी गणित शिकवते. वर्गात बहुतेक मुलं डोमिनिकन, पोर्तोरिकन, मेक्सिकन घरांतली. आईवडील हॉटेलात, बांधकामावर, नाहीतर लोकांकडे साफसफाईला. बऱ्याच जणांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारं हे पहिलंच मूल.

गेल्या जानेवारीत नव्या सत्राच्या यादीत माझ्या एका हुशार विद्यार्थिनीचं नाव नव्हतं. फोन केला तेव्हा कळलं, आधीची थोडी फी थकली म्हणून नावनोंदणी अडवलेली. तसा ईमेल आला होता, इंग्रजीत. मदतनिधीसाठी अर्ज करता येतो ही ओळ पार तळाशी. तिने तिथवर वाचलंच नव्हतं. थकबाकीचा आकडा पाहून तिने दुकानातली पाळी वाढवून घेतली. मला फार वाईट वाटलं. तिच्या अभ्यासात काही कमी नव्हतं हो!

यावर उपाय सापडलेले आहेत, तेही याच शहरात. न्यूयॉर्कच्या सरकारी कॉलेजांनी २००७ साली ‘असॅप’ नावाची योजना सुरू केली. प्रवासाचा पास, पुस्तकांना मदत, फीची तूट भरून काढणं आणि प्रत्येकाला ठरलेला एक सल्लागार, जो मूल दिसलं नाही तर स्वतःहून चौकशी करतो. योजनेतली मुलं आणि बाहेरची मुलं अशी तुलना झाली, तेव्हा तीन वर्षांत पदवी मिळवणारे बाहेरच्यांत २२ टक्के, तर योजनेतल्यांत ४० टक्के दिसले. गावाकडे एसटीच्या पासावर शिकलेल्यांना यातलं मर्म वेगळं सांगायला नको.

भाषेचंही तसंच. इथलं होस्तोस कॉलेज १९६८ साली निघालं. इंग्रजी पक्कं होईपर्यंत विषय स्पॅनिशमधून शिकता यावेत, ही त्यामागची कळकळ. १९७६च्या सुमारास शहराची तिजोरी रिकामी झाली आणि ते बंद पडायची वेळ आली, तेव्हा विद्यार्थी आणि वस्तीतले लोक इमारतीत ठाण मांडून बसले. कॉलेज वाचलं.

अमेरिकेच्या कायद्यात किमान २५ टक्के लॅटिनो, म्हणजे माझ्या वर्गातल्यासारखे लॅटिन अमेरिकी घरांतले, विद्यार्थी असलेल्या कॉलेजांना खास दर्जा आहे. पण माझ्या मते मोजायचं ते पदवी घेऊन किती बाहेर पडले, हे.

माझ्या विद्यार्थिनीला मदतनिधी मिळाला, पण एक सत्र गेलं ते गेलंच. परत आली त्या दिवशी तिच्या आईने माझ्यासाठी डब्यात पास्तेलितो पाठवले होते, आपल्या करंजीसारखे, आत खिमा. डब्यावर चिठ्ठी होती, स्पॅनिशमध्ये. ती मला तिनेच वाचून दाखवली.