विदर्भाच्या उन्हाळ्यात हॉगचोकर

मत्स्यालयाच्या दुकानात 'गोड्या पाण्यातला फ्लाउंडर' म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा हॉगचोकर असतो. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा, मेक्सिकोच्या आखातातलाही, हातभर नाही तर जेमतेम वीतभर वाढणारा चपटा मासा. घेताना नीट बघा: दोन्ही डोळे उजव्या बाजूला, छातीचे पर नाहीत, अंगावर बारीक काळ्या आडव्या रेघा. अंडी खाऱ्या खाडीत, पिल्लं मात्र नदीत वर चढतात, म्हणून लहानपणी गोडं पाणी चालतं. मोठ्याला थोडं मीठ लागतंच.

टाकी उंच नको, पसरट हवी. तळाला पाच सेंटीमीटर रेती. बांधकामाची रेती मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या, पाणी नितळ येईस्तोवर धुवा. खडे राहिले की पोटाकडची पांढरी कातडी सोलते, लाल चट्टे पडतात आणि मग जखम चिघळते.

मीठ लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरला अर्धा किलो. समुद्री मत्स्यालयाचंच घ्या. स्वयंपाकाच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम नसतं. बादलीत पूर्ण विरघळवून हळूहळू ओता. खडे थेट टाकले तर तळाशी पडून राहणाऱ्या या माशाला भाजतं. बोअरचं जड पाणी याला चालतं.

हे मासे मरतात ते बहुधा उपाशी. दिवसभर रेतीत दडलेले, रात्री खाणारे. गप्पी सोबत असतील तर यांच्या वाट्याला काही उरत नाही. लाइट बंद केल्यावर जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) किंवा गांडुळाचे बारीक तुकडे द्या. गोळ्या सहसा तोंडात घेत नाहीत. डोक्यामागचं अंग खपाटीला गेलेलं दिसलं तर आधीच उशीर झालाय.

मे महिन्यात पाणी पस्तिशीला टेकतं, ऑक्सिजन कमी होतो. झाकण काढून जाळी लावा, पाण्यावर वारा येईल असा छोटा पंखा लावा. आपली कोरडी हवा इथे कामी येते: कूलरसारखंच, पाणी तीन-चार अंश उतरतं. पण पाणी उडतं, मीठ मागे राहतं. काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा आणि कमी झालेलं पाणी रोज गोड्याच पाण्याने भरा. खारं टाकाल तर आठवड्यात मीठ वाढतं. लाइन जाते त्या गावात बॅटरीचा एअर पंप हवाच.

जुलैत दमट हवेत पंख्याचा फारसा उपयोग नाही. तेव्हा बर्फाची बंद बाटली पाण्यात सोडा, पण दिवसात दोन अंशांहून जास्त उतरू देऊ नका.