ब्रँच निवडताना आईबाबांशी भांडायचंच असेल तर

अ‍ॅडमिशनचा विषय निघाला की घरात लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते आवडीचं शिक, दुसरी म्हणते आवडीने पोट भरतं का. मी हल्ली निम्मी तरी आईबाबांच्या पार्टीत असते. "नोकरी लागेल का" हा प्रश्न रास्तच आहे हो, फी भरणाऱ्याने तो नाही विचारायचा तर कोणी विचारायचा? गडबड होते ती उत्तरात, कारण ते आज कोणाला नोकऱ्या लागतायत ते बघून दिलं जातं आणि पोरगं बाहेर पडणार चार वर्षांनी.

पेट्रोलियम इंजिनिअरिंगचंच घ्या ना. 2014च्या मध्यापर्यंत कच्चं तेल बॅरलला 100 डॉलरच्या वर होतं, पगार तगडे, मग काय, झुंबड. जानेवारी 2016 मध्ये तेच तेल 30च्या खाली घसरलं, आणि 2012 ला "एकदम सेफ" म्हणून तिकडे गेलेली मुलं नेमकी तेव्हा शेवटच्या वर्षाला होती, कंपन्या आहेत तीच माणसं काढत होत्या, नवीन कोण घेतंय. कॉम्प्युटरचं उलटं झालं. 2000 साली डॉट-कॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअर्सचा, फुगा फुटला, अमेरिकेत कॉम्प्युटरला जाणारी मुलं पुढची काही वर्षं घटत गेली, आणि 2007 ला आयफोन आल्यावर अ‍ॅप बनवणारे शोधायची वेळ आली.

त्यामुळे भांडायचंच तर ब्रँचच्या नावावरून नको. तिसऱ्या वर्षाचा सिलॅबस काढा आणि वाचा, पहिल्या वर्षाचा नाही, तिथे बहुतेक सगळीकडे तेच बेसिक असतं. वाचतानाच डोकं उठलं तर स्कोप कितीही असू दे, रडतखडत पास झालेल्याला त्या स्कोपचा काय उपयोग?

आणि ते माहितीपत्रकातलं "सरासरी पॅकेज"! दहा मुलं, नऊ जणांना 4 लाख आणि एकाला 54, झाली की सरासरी 9, पण 9 मिळालेला त्यात एकही नाही. मीडियन विचारा, म्हणजे पगाराप्रमाणे रांग लावली तर मधोमध येणारा आकडा, इथे तो 4 येतो. कॉलेज सांगायला टाळाटाळ करत असेल तर पास होऊन तीनचार वर्षं झालेल्या दोघातिघांना मेसेज टाका, फक्त पगार विचारू नका, दिवसभर नक्की काम काय करता ते विचारा, आणि येईल तो रिप्लाय जसाच्या तसा आईबाबांना फॉरवर्ड करा.