किती फुटाला येतं?

सांगलीच्या गावभागातलं घर विकायचं ठरलं आणि एजंटनं पहिला सल्ला दिला, "काका, घेणाऱ्यांचा इंजिनिअर बघायला यायच्या आत खालच्या खोल्यांना पुट्टी आणि ऑइलपेंट मारून घ्या की. पट्टे कशाला दिसायला पाहिजेत?"

पट्टे पुराचे. २००५ चा कमरेला, २०२१ चा छातीला आणि २०१९ चा थेट दाराच्या चौकटीला टेकलेला. बाकीची कामं मी मुकाट्यानं केली. कौलं शाकारली, माळा रिकामा केला, तुळयांना वाळवी नाही ना ते स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघितलं. प्रॉपर्टी कार्ड, घरपट्टीच्या पावत्या, सगळं एका फाईलीत. मोरीतला नळ कित्येक वर्षं गळायचा, तो परक्या माणसासाठी अर्ध्या तासात दुरुस्त झाला. आमची आई हयातभर ओरडत होती, तेव्हा जमलं नव्हतं.

पण ऑइलपेंटला मी नाही म्हटलं. दगड-मातीची भिंत, वर चुन्याचा गिलावा. ओल आतच कोंडली की लोणा, म्हणजे भिंतीतला खार, फुगतो आणि पहिल्या पावसाळ्यात पोपडे हातात येतात. त्यापेक्षा नुसता चुना बरा. भिंतीला श्वास तरी घेता येतो. एजंटला हे पटलं नाही. मला वाटतं, त्याचं घर नदीपासून लांब, विश्रामबागेत असावं.

शिवाय लपवायचं कुणापासून? सांगलीत जुन्या घराची चौकशी खोल्यांपासून सुरू होतच नाही. "किती फुटाला येतं?" हा पहिला प्रश्न. फूट म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ मोजलेल्या पाण्याचे, हे कुणी सांगत बसत नाही. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका आणि त्यापुढे ज्याचा त्याचा आकडा. आमच्या पायरीला पन्नासला लागतं, एक्कावन्नला सोप्यात. हे पाढ्यांच्या आधी पाठ झालेलं.

लहानपणी संततधार लागली की मला पुलावर पिटाळायचे. मी पळत जाऊन आकडा बघायचो आणि उगाच अर्धा फूट वाढवून सांगायचो, कारण सामान माडीवर चढवायची गंमत हवी असायची. पिठाचे डबे, हळदीची बरणी, गाद्या, देव. आजी मात्र घाई करायची नाही. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं की खण-नारळ घेऊन निघायची, कृष्णामाईची ओटी भरायची आणि परत येऊन चहा टाकायची. ओटी भरल्यावर पाणी उतरायचंच असं नाही. तिचं काही म्हणणंही नसायचं.

इंजिनिअर आला. तरुण होता, सांगलीचाच. चुन्यातूनही पट्टे पुसट दिसत होतेच. त्यानं टेप लावून जमिनीपासून वरच्या पट्ट्यापर्यंत मोजलं, वहीत लिहिलं. तुळयांकडे बघितलंसुद्धा नाही. "घर पाडणारच आहेत काका," तो म्हणाला. "भराव टाकून जोतं वर घ्यायचं, खाली नुसतं पार्किंग. पाण्याचं टेन्शनच नाही."

एवढ्या भरावानं अडलेलं पाणी दुसरीकडं सरकणारच. शेजारच्या काकूंचं घर आमच्याच जोत्याचं आहे आणि त्या विकत नाहीयेत.